शेरा : पालकांच्या विनंतीवरून

शाळेनं मुलाला काढून टाकलं, असं आपण बोलताना म्हणतो. कागदावर तसं कुठंच नसतं. कागदावर मुलगा आपण होऊन गेलेला असतो.

गोष्ट २०१२ सालच्या जूनमधली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी होतो. एका दुपारी आमचे शिपाईमामा केबिनच्या दाराशी घुटमळले. "साहेब, एवढा अर्ज लिहून द्या. शाळेनं मागितलाय." मुलगा नववीत नापास झाला होता. त्याला पुन्हा नववीत बसवण्याऐवजी शाळेनं मार्ग सुचवला होता : दाखला काढून न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीला बाहेरून बसवा.

शाळेची गरज मला कळत होती. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक तिच्या फाटकावर झळकत होता. आम्हीही मार्चअखेरीला बुडीत खाती निर्लेखित करून ताळेबंद स्वच्छ करत असू. पण खातं निर्लेखित झालं, तरी बँक कर्जदाराच्या दारी जायचं सोडत नाही. वसुली चालूच राहते. दाखला दिलेल्या मुलाच्या दारी मात्र शाळेचं कुणी पुन्हा फिरकत नाही.

कायदा नाही असं नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं, की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ साली दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली, तरी काढण्याची बंदी कायम राहिली. पण हे छत्र आठवीपर्यंतचं. नववीत पाऊल ठेवलं की पोर उघड्यावर. आणि शाळेला निकालाची धास्ती लागते तीही नेमकी तिथंच.

मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, 'कौटुंबिक अडचणीमुळे' असं कारण घालून. मामांनी खाली सही केली. दाखल्यावर शेरा आला : पालकांच्या विनंतीवरून.

मुलगा फॉर्म भरायला गेलाच नाही. सकाळी गणवेशातली मुलं रस्त्यानं जाऊ लागली, की तो घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसे, असं मामा सांगत. पुढं एका गॅरेजात लागला. शाळेबद्दल मामा कधी वाईट बोलले नाहीत. "सही माझीच हाय ना, साहेब," एवढंच म्हणत. अपमान शाळेनं केला, अपराध बापाच्या नावावर जमा झाला. मधला कारकून मी.

आज कुणी तसा अर्ज लिहून मागितला, तर मी पेन खाली ठेवीन. म्हणेन, "शाळेला सांगा, आम्ही विनंती केलेली नाही. काढायचंच असेल, तर कारण तुम्ही लिहा आणि सहीही तुमची करा."

ते लिहिताना कुणाचा तरी हात अडखळेल, एवढी आशा मला अजून आहे.