घरी ओतलेला दगड रीफ टँकमध्ये चालेल का?

(कोल्हापुरातील व्याख्यानाचं शब्दांकन)

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका तरुण मित्रानं मला दारातच गाठलं. शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे. घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात प्रवाळ वाढवतो. म्हणाला, "सर, साचे करणं हा तर आमचा रोजचा धंदा. टाकीतला दगड मीच ओतला तर? प्लास्टर चालेल, सिमेंट चालेल, की आमची वापरलेली वाळू?" आजचं बोलणं याच प्रश्नावर.

आधी एक गोष्ट. समुद्रातला दगड का आणायचा नाही? कारण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. मालवणला फिरायला गेलो आणि पिशवीतून दोन तुकडे आणले, हा गुन्हा आहे. त्यामुळे घरी दगड करायचा विचार चांगलाच. प्रश्न आहे तो कशाचा करायचा, हा.

प्लास्टरपासून सुरुवात करू. कोल्हापूरकरांना प्लास्टर नवं नाही. विसर्जनाला आपण मूर्तिदान करतो, काहिली ठेवतो, ते का? लोक म्हणतात, 'पीओपी विरघळत नाही.' हे अर्धंच खरं आहे. प्लास्टर पाण्यात घट्ट झालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम साधारण दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला आठशे ते हजार लिटर ताजं पाणी हवं. बादलीत ती तशीच बसते. वाहत्या पाण्यात मात्र झिजत जाते. समुद्रशास्त्रज्ञ तर याचा उपयोग करतात. प्लास्टरचे गोळे समुद्रात बांधून ठेवायचे, किती झिजले ते वजन करून बघायचं, त्यावरून पाण्याचा वेग काढायचा!

आता रीफ टँकमध्ये पंप चोवीस तास चालू. तुमचा प्लास्टरचा दगड झिजत जाणार आणि एक दिवस प्रवाळावर कोसळणार. कॅल्शियम आणि सल्फेट हे विष नव्हे, समुद्रात दोन्ही आहेतच. पण कॅल्शियमचं गणित मात्र तुमच्या हातात राहत नाही. थोडक्यात, प्लास्टर नको. आणि अमोनियम बायकार्बोनेट टाकून मूर्ती विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवली, ती बादलीसाठी ठीक. माशांच्या टाकीजवळ ती पावडर नेऊसुद्धा नका. अमोनिया माशांना मारतो.

दुसरं, सिमेंट. हे चालतं, पण सबुरी हवी. साधं पोर्टलँड सिमेंट घट्ट होताना चुना सुटतो आणि आतल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. रीफ टँकचा पीएच ८ ते ८.४. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घ्या. म्हणून दगड गोड्या पाण्यात बुडवायचा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, आणि हे चार ते आठ आठवडे चालू ठेवायचं. कॅलेंडर बघून थांबू नका, मोजून थांबा: ताज्या पाण्यात दगड दोन दिवस ठेवला आणि पीएच हलला नाही, तरच झालं.

आणि सिमेंट म्हणजे फक्त सिमेंट. माझी स्वतःची चूक सांगतो. घाईत मी फरशीच्या फटी भरायचं ग्राउट वापरलं होतं. पांढरंशुभ्र, दिसायला छान. त्यात बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं असतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात होतं. माझ्या गोगलगायी आठवड्यात गेल्या. वॉल पुट्टी, वॉटरप्रूफिंगचं मिश्रण, सगळ्यांना हाच नियम: बुरशी मारतं ते टाकीतलंही काहीतरी मारणारच.

तिसरी, फौंड्रीची वाळू. नवी सिलिका वाळू निरुपद्रवी आहे. वापरलेली नाही. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची भुकटी, कोअरच्या रेझिनचे जळके अवशेष आणि धातूचे कण असतात. लोखंडाचं एक वेळ चालेल. पितळ नको, कारण पितळेत तांबं. तांब्याचं औषध माशांच्या परजीवींवर देतात, लिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅम. तेवढ्यात मासा वाचतो आणि कोळंबी, प्रवाळ मरतात! म्हणून 'मासे तर ठीक आहेत' हा पुरावा धरू नका.

इपॉक्सी रेझिन प्रमाणात मिसळून पूर्ण घट्ट झालं तर चालतं. बोट लावून चिकट लागलं, वास आला, तर नाही. धातूची भुकटी मिसळलेलं कधीच नाही.

शेवटी त्या मित्राला मी काय सांगितलं? "बाबा, कुंभार गल्लीत जा." नीट भाजलेली, बिनरंगाची, बिनझिलईची माती पाण्यात विरघळत नाही, पीएच बदलत नाही. प्रवाळाचे तुकडे चिकटवायला बाजारात ज्या चकत्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच भाजलेल्या मातीच्याच असतात. कच्ची शाडू मात्र नको, पाणी गढूळ होईल.

काहीही केलंत तरी आधी वेगळ्या बादलीत तपासा. खारं पाणी, तुमचा दगड, आणि आर्टेमियाची ताजी पिल्लं. शेजारी दगड नसलेली दुसरी बादली. दगडाच्या बादलीत जास्त मेली, तर दगड बाद. जगली, तर लगेच खूश होऊ नका. आर्टेमिया प्रवाळापेक्षा कणखर असतो. मग एक-दोन गोगलगायी, मग एखादाच प्रवाळाचा तुकडा. बादलीत चूक झाली तर पाणी ओतून देता येतं. टाकीत झाली, तर वर्षांची वाढ जाते.