सदोष माणूस आणि ईश्वरी कार्य



परमेश्वर आपले कार्य सदोष माणसांच्या हातूनही करवून घेतो, अशी ख्रिस्ती धर्मात एक जुनी श्रद्धा आहे. ऐकावयास ती सोपी वाटते, आणि म्हणूनच तिचा दुरुपयोगही सोपा आहे. 'देवाने माझ्या हातून एवढे चांगले करविले, मग माझ्या अपराधाचा हिशेब विचारणारे तुम्ही कोण?' असे म्हणावयास कोणीही पुढे येईल. ही श्रद्धा अपराध्याला अशी मोकळीक देते काय, एवढाच प्रश्न आपण येथे घेऊ. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मिळेल ते पुस्तक वाचून आणि कामगार संघटनेचे काम करून झाले. हा प्रश्न त्या कामातही पदोपदी भेटतो, म्हणून तो मी आपला मानला.

प्रथम बायबलकडे पाहू. त्यातील थोर माणसांचे दोष झाकलेले नाहीत. आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडविणारा मोशे हा एका इजिप्ती माणसाला ठार करून पळालेला होता. येशूचा पट्टशिष्य पेत्र याने, येशूला अटक झाली त्या रात्री, आपण त्याला ओळखतच नाही असे तीनदा सांगितले. दावीद राजाने तर आपल्याच सैन्यातील उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारविले. तरी येशू दाविदाच्याच वंशात जन्मला, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. आणि वंशावळ देताना त्या स्त्रीचा उल्लेख उरीयाची बायको असाच करते. राजाचा अपराध वंशावळीतही नोंदलेला राहिला.

आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तेथे माणूस आधी पालटतो आणि मग त्याच्या हातून रामायण घडते. ख्रिस्ती विचार याहून वेगळे म्हणतो. अर्धवट पालटलेल्या, प्रसंगी मुळीच न पालटलेल्या माणसाच्या कृत्यातूनही देव चांगले घडवितो. योसेफाच्या भावांनी त्याला मत्सराने विकले. पुढे दुष्काळात त्याच योसेफामुळे त्यांचे प्राण वाचले. परंतु यावरून भावांचे कृत्य चांगले ठरले नाही. दाविदाकडेही नाथान नावाचा संदेष्टा आला. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने सांगितली, राजा संतापला, आणि मग नाथानाने त्याच्याचकडे बोट दाखविले. दाविदाला क्षमा मिळाली. पण घरात कलह माजला, मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले. क्षमा निराळी आणि कर्माची भरपाई निराळी. वाईट करावे म्हणजे त्यातून चांगले निघेल, हा युक्तिवाद पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट धुडकावला आहे.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत या प्रश्नावरून मोठा तंटा झाला. रोमन सत्तेने ख्रिस्ती लोकांचा छळ केला तेव्हा काही धर्मगुरूंनी भीतीने पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. अशा भ्रष्ट माणसांचा संबंध आलेला बाप्तिस्मा खरा मानावा काय? डोनाटसच्या अनुयायांचे उत्तर होते, नाही. हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने उलट बाजू घेतली, आणि ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांची परिषद भरली. ऑगस्टीनने दिलेला एक दृष्टान्त शेतकऱ्यालाही पटेल असा आहे. दगडी पाटातून पाणी वाहत जाते, बाग फुलते. पण पाटाच्या दगडावर काही उगवत नाही. दगड कोरडा म्हणून पाणी खोटे ठरत नाही, आणि पाणी वाहून नेले म्हणून दगडाला पालवी फुटत नाही.

आता अलीकडचे एक उदाहरण घेऊ. जॉन न्यूटन हा इंग्रज १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गाइले जाणारे भक्तिगीत त्याचे आहे. मार्च १७४८ मध्ये समुद्रावर भयंकर वादळात सापडला असता त्याच्या मनात श्रद्धा जागी झाली. पण गोष्ट येथे संपत नाही. त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांसाठी प्रार्थना चालवी. खाली माणसे साखळदंडांत पडलेली असत. कैदेतील पोरांकडून कबुली घेण्यासाठी अंगठे आवळण्याचा स्क्रू वापरल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. १७५४ मध्ये आजाराने त्याचे दर्यावर्दी जीवन संपले. १७६४ मध्ये तो धर्मोपदेशक झाला.

१७८५ मध्ये पार्लमेंटचा तरुण सभासद विल्यम विल्बरफोर्स त्याच्याकडे आला. धर्मासाठी राजकारण सोडावे की काय, अशा विचारात तो होता. न्यूटनने त्याला लोकसेवेतच राहावयास सांगितले. पुढे १७८८ मध्ये न्यूटनने स्वतः गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, त्यात आपला सहभाग कबूल केला, आणि चौकशी समितीपुढे साक्षही दिली. ते तळघर कसे भरतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्या साक्षीला वजन आले. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

श्रद्धावान म्हणतील की देवाने या माणसाला वापरले. म्हणोत, पण वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे लोटली, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. त्याच्या जहाजांवर ज्यांचे आयुष्य हरवले त्यांना ती साक्ष परत काही देऊ शकली नाही. या श्रद्धेत चांगल्या कार्याचे श्रेय देवाकडे जाते; अपराधाची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहते.

देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला, दोघांनाही यातून घेण्यासारखे आहे. गेट मीटिंगमध्ये एखादा कामगार उठून थकलेल्या पगाराचा प्रश्न विचारतो. लगेच कुजबुज सुरू होते, हा तर दारू पितो, याचे काय ऐकायचे? पण थकबाकी खरी की खोटी हे मस्टर आणि पगारपत्रकावरून ठरते, विचारणाऱ्याच्या सवयींवरून नव्हे. निर्दोष माणूस मिळेपर्यंत थांबलो तर प्रश्न कधीच विचारला जाणार नाही. त्याचप्रमाणे, एखादा पुढारी वर्षानुवर्षे लढला, म्हणून वर्गणीच्या पैशाचा हिशेब देण्यातून तो सुटत नाही. त्याचा लढा खरा असेल. हिशेबाची वही तरीही सभेपुढे उघडली गेली पाहिजे, आणि ती मागण्याचा अधिकार सर्वांत नव्या सभासदालाही आहे.