गोळी पोटात, ताट उशिरा



डायबिटीस म्हटलं की आपल्या घरांत सगळ्यांना एकच धास्ती असते, साखर वाढण्याची. लाडू नको, भात कमी, चहा बिनसाखरेचा. ते सगळं बरोबरच आहे. पण गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर खालीही उतरते, आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. वाढलेली साखर बहुधा हळूहळू, वर्षानुवर्षं अपाय करते. उतरलेली साखर एका दुपारीच माणसाला आडवं करते. या वेळी आम्ही तिच्याबद्दल लिहीत आहोत, आणि तेही अजमानच्या निमित्ताने.

अजमान कशाला, असं काही जण विचारतील. संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी हे सर्वांत लहान, जेमतेम २६० चौरस किलोमीटरचं. शारजाला लागून, आणि शारजापलीकडे दुबई. दुबईपेक्षा इथे घरभाडं कमी, म्हणून नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड अजमानात अशी पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांत आपली मराठी मंडळीही आहेत, कोकणातली तर बरीच. या मंडळींचा दिवस पाहिला की गोळी आणि जेवण यांची ताटातूट कशी होते ते लगेच कळतं.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अलिबागकडचे, वय साठीच्या आत-बाहेर. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, कारण नंतर शारजाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. डॉक्टरांनी सांगितलेलं, "सकाळी नाश्त्याआधी एक गोळी." म्हणून ते पाच वाजता गोळी घेत, वर घोटभर चहा, आणि नाश्ता डब्यात! डबा उघडणार ऑफिसात पोचल्यावर, आठ वाजता. एकदा वाटेत अपघात झाला होता, बस हलेचना. यांना घाम फुटला, हात कापू लागले, शेजाऱ्याला भलतंसलतं उत्तर देऊ लागले. सगळ्यांना वाटलं, उकाडा. शेजारचा केरळी ड्रायव्हर शहाणा, त्याने खिशातला ज्यूसचा छोटा डबा तोंडाला लावला. पंधरा मिनिटांत गृहस्थ भानावर.

यात चूक गोळीची नव्हती, गृहस्थांचीही म्हणता येणार नाही. "नाश्त्याआधी" या शब्दाचा अर्थ नाश्ता समोर आल्यावर असा होतो, हे कोणी फोड करून सांगितलं नव्हतं एवढंच.

आता हे का होतं ते समजून घेऊ, म्हणजे पाठ करायची गरज राहत नाही. डायबिटीसच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नाहीत. एक जात अशी की ती स्वादुपिंडाला ढोसते, "काढ इन्सुलिन!" पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. ग्लिमेपिराइड (अमॅरिल), ग्लिक्लाझाइड (डायमिक्रॉन), ग्लिबेनक्लामाइड (डायोनिल) आणि ग्लिपिझाइड या त्या जातीच्या. दुसरीकडे मेटफॉर्मिन (ग्लुकोफाज) यकृतातून सुटणारी साखर आवरते; सिटाग्लिप्टिन (जानुव्हिया) मुख्यतः जेवण झाल्यावर काम करते; एम्पाग्लिफ्लोझिन (जार्डियन्स) जादा साखर लघवीवाटे घालवते. या तिन्ही एकट्या घेतल्या तर साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाही. ढोसणाऱ्या गोळीच्या किंवा इन्सुलिनच्या जोडीला आल्या की मात्र गोष्ट वेगळी.

गंमत बघा, या ढोसणाऱ्या गोळ्यांचा शोधच मुळी साखर उतरण्यातून लागला. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जान्बाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांवर गंधकवर्गातलं एक नवं औषध वापरून पाहत होते. रोगी खंगलेले. औषध घेतल्यावर काहींना झटके आले, काही बेशुद्ध पडले, काही दगावलेही. तपासलं तर रक्तातली साखर तळाला गेलेली! त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी पुढे कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतं हे दाखवलं. १९५० नंतरच्या दशकात याच कुळातल्या गोळ्या डायबिटीससाठी बाजारात आल्या. म्हणजे रिकाम्या पोटी ही गोळी काय करते, हे माणसाला तिच्या जन्माआधीच कळलं होतं.

तेव्हा आपली गोळी यातली कोणती, हे पाकिटावरचं बारीक नाव वाचून किंवा औषधवाल्याला विचारून आजच माहीत करून घ्या. ठळक अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, खालचं बारीक नाव औषधाचं.

हे बारीक नाव वाचायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे आणि आमच्या मते ते सर्वांत मोठं. मुलाकडे अजमानला दोन-तीन महिने राहायला येणारे आईवडील भारतातून गोळ्यांचा साठा आणतात. भारतात एका गोळीत दोन-दोन औषधं घालायची पद्धत फार आहे. ग्लायकोमेट जीपी म्हणून जी गोळी घरोघरी दिसते, तिच्यात मेटफॉर्मिन तर आहेच, पण ग्लिमेपिराइडसुद्धा आहे. "जीपी" मधला "जी" तो! आता हे आजोबा तिकडच्या दवाखान्यात गेले, साखर थोडी जास्त निघाली, डॉक्टरांनी अमॅरिल लिहून दिली. आजोबांना वाटतं जुनी वेगळी, नवी वेगळी. दोन्ही चालू. प्रत्यक्षात एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जातंय. इस्राएलमध्ये राहून मुंबईहून गोळ्या मागवणाऱ्यांनाही हेच लागू. डॉक्टरांकडे जाताना तोंडी नावं सांगू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्तदाबाची, सर्दीपडशाचीसुद्धा. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात ती सिप्रोफ्लोक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक्स या गोळ्यांच्या जोडीला साखर आणखी उतरवू शकतात.

वेळेबद्दल सांगायचं तर ग्लिमेपिराइड दिवसातल्या पहिल्या मोठ्या जेवणाच्या अगदी आधी किंवा जेवताना. दिवसातून एकदाची ग्लिक्लाझाइड नाश्त्याबरोबर. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, नाहीतर पोट बिघडतं. साधी ग्लिपिझाइड अर्धा तास आधी घेतात, म्हणून तिच्या बाबतीत जेवण खरंच अर्ध्या तासात येणार आहे ना, हे बघूनच गोळी हातात घ्यावी. ताट वाढून पुढ्यात आलं की गोळी, हा आमच्या ओळखीच्या एका आजींचा नियम ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइडवाल्यांना चांगला पुरतो. जेवण चुकणारच असेल तर गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारून लिहून ठेवा. उलटी-जुलाबात जेवण जात नसेल तेव्हाही फोन करून विचारा. आणि एक वेळची राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

सुट्टीचा दिवसही फसवा असतो बरं का. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली. एरवी सातला नाश्ता करणारं घर सुट्टीत दहाला उठतं, पण आजोबांची गोळी सातच्या गजरावर! आपल्याकडे शुक्रवारी रात्रीही हेच होतं. प्रार्थना लांबते, पाहुणे यायचे असतात, गोळी मात्र साडेसातला घेऊन झालेली. भारतातून आलेल्यांचं घड्याळ दीड तास पुढे, तो घोळ वेगळाच.

उन्हाळा हा तिथला दुसरा शत्रू. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथे बंदी आहे, यावरून ऊन कसं असेल ते समजा. साखर उतरल्याची पहिली खूण म्हणजे घाम. अजमानात जुलै महिन्यात घाम कोणाला येत नाही? म्हणून ती खूण वाया जाते. वातानुकूलित खोलीत बसून गार घाम सुटला, छाती धडधडली, हात थरथरले, एकदम भूक लागली, ओठांना मुंग्या आल्या तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, बोट टोचून बघा. मीटर नसेल तर साखर उतरली आहे असं समजूनच चाला. चाचणीच्या पट्ट्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बिघडतात आणि खोटे आकडे देतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. वय झालेल्यांत कधी नुसता गोंधळच दिसतो: कपडे उलटे घालणं, विनाकारण चिडणं, बोलणं अडखळणं. घरचे म्हणतात, "वय झालं!"

आकडा ७० च्या खाली गेला (मिलिग्रॅममध्ये) की लगेच १५ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे: साधी साखर ३ ते ४ लहान चमचे पाण्यात ढवळून, किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा रस, किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बघा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट आणि मिठाई नको, त्यातलं तूप-लोणी साखरेला उशीर करतं. फ्रीजमधलं "डाएट" पेय तर अगदी निरुपयोगी, त्यात साखरच नाही! खजूर जवळ असेल तर नसण्यापेक्षा बरा, पण रस जास्त लवकर चढतो. ज्यांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू आहे त्यांनी साध्या साखरेवर विसंबू नये, ती गोळी साखर फुटूच देत नाही. त्यांच्याजवळ ग्लुकोजच हवं.

साखर वर आली की काम संपलं असं नाही. गोळी अजून अंगात आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा अंमल चोवीस तास, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून लांब चालतो. म्हणून वर पोळी, भात, काहीतरी खायलाच हवं, त्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरांना कळवायचं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या आपल्या यादीत म्हातारपणी या कुळातल्या गोळ्या शक्यतो टाळा, द्यायच्याच तर कमी वेळ टिकणारी द्या, असं सांगितलं आहे. तेव्हा "मला ही बदलून मिळेल का?" असं विचारायला संकोचू नका. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तिशीतल्या माणसाइतकी काटेकोर साखर ठेवायची गरजही नसते.

उपासाचंही बोललं पाहिजे. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. त्यात रमजानमध्ये टाइप २ वाल्यांची साखर इस्पितळात न्यावं लागण्याइतकी उतरण्याचं प्रमाण सुमारे साडेसात पट झालेलं दिसलं. तेव्हापासून त्या समाजातले डॉक्टर महिना-दीड महिना आधी रोग्याला बोलावून गोळ्यांच्या वेळा बदलून देऊ लागले: सकाळची गोळी संध्याकाळी रोजा सोडताना, आणि ७० च्या खाली गेलं की रोजा तिथेच सोडायचा. कोकणातले आपले मुसलमान शेजारी अजमानात हे पाळतात. योम किप्पूरला, आपल्या आज्या ज्याला दरफळणीचा सण म्हणत, आपणही पंचवीस तास पाण्याशिवाय असतो. जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं, हे आपल्या धर्मातच आहे. आपणही महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

आणि मुलांनो, हा भाग तुमचा. आईबाबा कामावर असतात, आजी आणि तुम्ही दोघंच घरात, असं कितीतरी घरांत असतं. आजी घामाघूम झाली, विचित्र बोलू लागली तर आधी विचारा, "आजी, जेवलीस का?" आजी शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर साखरपाणी किंवा रस द्या आणि आईबाबांना फोन लावा. आजी हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, घशात अडकतं. तिला कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. अमिरातीत ९९८, इस्राएलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. लिहिण्याआधी घरातलं मीटर बघा. भारतात आणि इस्राएलमध्ये ते मिलिग्रॅममध्ये दाखवतं, लंडनहून मामाने आणलेलं असेल तर मिलिमोलमध्ये. तिथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. मामाच्या मीटरवर ३.९ दिसलं तर आपले किती? गुणाकार करून बघा, आणि कागदावर घरच्या मीटरला जुळणारा आकडा लिहा.