कॅमेऱ्यासमोरचा संकोच आणि व्यावसायिक छायाचित्र

उद्दिष्ट : स्वतःचे छायाचित्र आपल्याला का आवडत नाही याची कारणे समजून घेणे आणि नोकरीच्या कामासाठी एक चांगले छायाचित्र तयार करणे.

सिलतऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्न आणि पोलादाचे अनेक कारखाने आहेत. तिथे ट्रेनी इंजिनिअर म्हणून अर्ज करताना, लिंक्डइनवर खाते उघडताना किंवा ऑनलाइन मुलाखत देताना कॅमेऱ्याशी गाठ पडतेच. काही विद्यार्थी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून लावतात, काही जागा रिकामी सोडतात. कारण विचारले तर म्हणतात, "सर, माझा फोटो चांगला येत नाही." ही तक्रार चेहऱ्याची नसते. तिची कारणे तपासता येतात.

१. संकोचाची कारणे

अ) आरशाची सवय : आरशात आपण स्वतःला डावे-उजवे उलटे पाहतो. छायाचित्रात आपण इतरांना दिसतो तसे दिसतो. १९७७ मध्ये मीता, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांना प्रयोगात असे आढळले, की लोकांना स्वतःची आरशासारखी प्रतिमा अधिक आवडते, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ प्रतिमा. चेहरा एकच, फरक फक्त सवयीचा.

आ) अंतर : नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंमी धरा. सेल्फीत कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल, तर कान ४२ सेंमीवर राहतात. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ४२ ÷ ३० = १.४ पट मोठे उमटते. कॅमेरा १५० सेंमीवर नेला, तर हेच गुणोत्तर १६२ ÷ १५० = १.०८ होते. तुम्हाला खटकणारे नाक बऱ्याच अंशी भूमितीचे आहे!

इ) ताठरपणा : 'स्माइल' म्हटल्यावर आपण फक्त ओठ ताणतो. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्येच मांडले होते. म्हणून ओढूनताणून आणलेले हसू ओळखू येते.

२. कृती

१) फोन मित्राच्या हाती द्या आणि मागचा कॅमेरा वापरा. अंतर दीड मीटर, उंची डोळ्यांच्या पातळीवर. चेहरा मोठा हवा असेल तर झूम करा, जवळ येऊ नका. प्रमाण अंतराने बिघडते, झूमने नाही.
२) रायपूरच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी व्हरांड्याच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे राहा. पार्श्वभूमीला साधी भिंत पुरे.
३) खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. श्वास सोडा.
४) मित्राशी तुमच्या प्रोजेक्टबद्दल बोलत राहा. त्याने बोलता बोलता तीस-चाळीस छायाचित्रे काढावीत.
५) लगेच पाहू नका. दुसऱ्या दिवशी पाच निवडा आणि शेवटची निवड तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांवर सोपवा. कारण १-अ मध्ये आले आहे.

३. सावधगिरी

कारखान्यात परवानगीशिवाय छायाचित्र काढू नका. परवानगी असली, तरी गेटपास आणि ओळखपत्राचा क्रमांक दिसू देऊ नका. हेल्मेटच्या कडेची सावली डोळ्यांवर येत नाही ना, हे पाहा. जाहिरातीत छायाचित्र मागितले नसेल, तर अर्जाला जोडायची गरज नाही. गैरवापराच्या भीतीने कोणी छायाचित्र सार्वजनिक ठेवू इच्छित नसेल, तर तो संकोच नव्हे, तो त्यांचा निर्णय आहे. खात्याच्या सेटिंगमधून ते फक्त ओळखीच्यांना दिसेल असे ठेवता येते.

सारांश : संकोच बहुतेक वेळा अपरिचयातून येतो आणि सरावाने कमी होतो. हाच सराव पुढे ऑनलाइन मुलाखतीत उपयोगी पडतो. तिथे कॅमेरा चुकवणारा उमेदवार उत्तर येत असूनही गोंधळलेला वाटतो.

स्वाध्याय

१) ३०, ६० आणि १५० सेंमीवरून स्वतःची छायाचित्रे काढून घ्या आणि वरचे गुणोत्तर प्रत्येकासाठी काढा.
२) सात दिवस रोज एक मिनिट कॅमेऱ्याकडे पाहून तुमच्या प्रोजेक्टची माहिती सांगा. पहिल्या आणि सातव्या दिवसाचे चित्रीकरण शेजारी ठेवून काय बदलले ते पाच ओळींत लिहा.