अडीचशे खाटांचे माप बीडला तोकडे पडते

250 खाटांमागे एक पूर्णवेळ संसर्ग-नियंत्रण परिचारिका, हे प्रमाण अमेरिकेतल्या ‘सेनिक’ अभ्यासातून आले. त्याचे निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णालयांत अशी परिचारिका होती, जोडीला प्रशिक्षित डॉक्टर होता, संसर्गाची नियमित नोंद होती आणि शल्यचिकित्सकांना त्यांच्याच रुग्णांच्या चिघळलेल्या जखमांचे आकडे कळवले जात होते, तिथे संसर्ग 32 टक्क्यांनी घटले. जिथे यातले काहीच नव्हते, तिथे त्याच काळात ते 18 टक्क्यांनी वाढले. नेमलेल्या माणसाने किती फरक पडतो, याचा इतका ठोस हिशेब क्वचितच मिळतो.

आता हे माप बीड जिल्ह्याला लावून पाहू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 होती. त्यातले जवळपास 80 टक्के लोक, म्हणजे सुमारे 20 लाख 70 हजार, खेड्यांत राहतात. सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. त्यानुसार 69 केंद्रे लागतात. हा निकषाचा आकडा आहे, प्रत्यक्ष केंद्रांचा नव्हे. पण हिशेबाला तो पुरेसा आहे. केंद्रात सहा खाटा धरल्या तर 69 केंद्रांच्या 414 खाटा होतात. 250 ला एक या दराने दोन माणसेही भरत नाहीत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर. आष्टीपासून परळीपर्यंत अकरा तालुके दोघांनी सांभाळायचे!

चूक भाजकात आहे. प्राथमिक केंद्रातला संसर्गाचा धोका खाटेवर कमी आणि ओपीडीत, ड्रेसिंगच्या टेबलावर, लेबर रूममध्ये, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जास्त असतो. लसीकरणाला 50 बाळे आली आणि प्रत्येक बाळाआधी सिस्टरने सॅनिटायझरने 30 सेकंद हात चोळले, तर त्यालाच 25 मिनिटे जातात. खाटांच्या हिशेबात ही 25 मिनिटे कुठेच येत नाहीत. क्लोरीनचे द्रावण रोज ताजे करणे, ऑटोक्लेव्हची नोंद, सुया पांढऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत गेला का हे पाहणे, तो कचरा 48 तासांच्या आत रवाना करणे, ही कामेही तशीच.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये किमान गरजा ठरवताना प्राथमिक केंद्रांना खाटांचे माप लावलेच नाही. प्रत्येक केंद्रात एक प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती, तिच्यासाठी राखून ठेवलेला वेळ, आणि या सगळ्यांवर देखरेखीला जिल्ह्यासारख्या वरच्या पातळीवर एक प्रशिक्षित अधिकारी, अशी ती रचना आहे. यातला ‘राखून ठेवलेला वेळ’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोज एक तास धरला तरी 69 केंद्रांचे 69 तास होतात. आठ तासांच्या पाळीने जवळपास नऊ माणसांचे काम. ते ड्यूटी चार्टवर लिहिले नाही, तर बाळंतपणे, लसीकरण आणि रजिस्टरे यांत आधीच बुडालेल्या सिस्टरच्या वाट्याला ते फुकटात येते आणि सर्वांत आधी मागे पडते.

‘कायाकल्प’ योजना 2015 पासून आहे. तपासणीत 70 टक्के गुण हवेत आणि संसर्ग नियंत्रण हा तिचा एक स्वतंत्र विभाग आहे. तिने दवाखान्यांना स्वच्छतेची शिस्त दिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण गुण तपासणीच्या दिवशी मिळतात; मे महिन्यात टाकीत पाणी नसताना हात कसे धुवायचे, हे केंद्रातल्याच कुणालातरी त्याच दिवशी ठरवावे लागते. टँकरवर दिवस काढणाऱ्या बीडमध्ये हा प्रश्न नेहमीचा आहे.

मोजणी नेमून दिली की काय बाहेर येते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींत एक. फडावरच्या कोपीत ना पाणी, ना आडोसा. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर वेळेत साधे उपचार न मिळता बाई थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचते. यातल्या किती जणींचे टाके नंतर पिकले, हे कळायला मात्र एकदाची पाहणी पुरत नाही. त्याला गावाजवळच्या केंद्रात कायमची वही आणि ती भरणारी व्यक्ती लागते.

नेमणुकीच्या आदेशात एक अडचण आधी सोडवावी लागेल. प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवलेल्या बाळंतिणीची जखम चिघळली, तर ती खबर या दोन कार्यालयांमधली रेषा ओलांडून मूळ केंद्रापर्यंत परत गेली पाहिजे. त्यामुळे जिल्ह्याच्या संसर्ग-नियंत्रण अधिकाऱ्याचा आदेश दोघांच्या सहीने निघावा, त्याच्या हाताखाली तालुक्याला एक अशा अकरा प्रशिक्षित परिचारिका असाव्यात, आणि केंद्रातल्या सिस्टरचा तो एक तास त्याच आदेशात लिहिलेला असावा.