चिमूटभर कापूस, हातभर धागा

दोस्तांनो, आजीला वाती वळताना तुम्ही पाहिलंच असेल. चिमूटभर कापूस घेतला, बोटांना जराशी राख लावली, तळहातावर घासलं की झाली वात! आता एक गंमत करा. कापसाचा पुंजका दोन्ही हातांनी ओढा. लगेच सुटेल. पण वळलेली वात ओढून पाहा. ती सहजी सुटत नाही. कापूस तोच, मग हा फरक कुठून आला?

उत्तर शोधायला वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात जाऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथे पऱ्हाटीची बोंडं फुटतात आणि शेत पांढरंशुभ्र दिसू लागतं. बोंडातली सरकी म्हणजे कापसाचं बी. तिच्यावर जे केस उगवतात, तोच आपला कापूस. एकेक तंतू साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि गंमत म्हणजे तो एकाच पेशीचा बनलेला असतो! बोंड फुटलं की ही ओली नळी वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवतीच पिळे घेते. असे पिळे पडलेले तंतू एकत्र वळले की एकमेकांना घट्ट धरतात. झाला धागा! मेंढीच्या लोकरीचंही असंच. तिच्या केसांवर बारीक खवले असतात, म्हणून तेही एकमेकांत अडकतात आणि धनगरदादांच्या घोंगडीसाठी सूत तयार होतं.

टकळीतून गणित

हाच धागा हातात घेऊन एकेकाळी वर्ध्यात अख्खी शाळा चालायची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. मुलांनी सात वर्षं मातृभाषेतून शिकावं आणि शिक्षण एखाद्या हातकामाभोवती गुंफलेलं असावं, असं तिथे ठरलं. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे प्रमुख होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. हीच 'नई तालीम'. सेवाग्रामची शाळा आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सांभाळली.

तुम्ही म्हणाल, सूत कातून काय शिकणार? मग हे गणित करा. तेव्हा चार फूट धाग्याला एक 'तार' म्हणत आणि ६४० तारांची एक गुंडी होई. म्हणजे २५६० फूट, सुमारे ७८० मीटर! आता एक मीटर लांब-रुंद जाडंभरडं कापड घ्या. दर सेंटिमीटरला २० उभे आणि २० आडवे धागे आहेत असं समजा. उभे २००० धागे, आडवेही २०००, प्रत्येक एक मीटरचा. एकूण चार किलोमीटर सूत! म्हणजे पाचाहून जास्त गुंड्या. ज्याने हे सूत स्वतः कातलंय, तो सदरा फाडताना दहादा विचार करील, नाही का?

२००५ साली सेवाग्रामला 'आनंद निकेतन' या शाळेतून हातकामासह शिक्षणाची ही वाट पुन्हा सुरू झाली. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयही पाहा. गांधीजींनी १९३८ साली त्याचं उद्‌घाटन केलं होतं. तिथे नाना तऱ्हेचे चरखे आहेत.

करून पाहा

१. वीतभर बांबूची काडी घ्या. पुठ्ठ्याच्या तीन-चार गोल चकत्या चिकटवून काडीच्या खालच्या टोकाजवळ बसवा. वरच्या टोकाला खाच पाडा. झाली टकळी! खाचेत थोडा दोरा अडकवा, त्याला कापूस जोडा, टकळी फिरवा आणि कापूस हळूहळू ओढत जा. पहिल्यांदा धागा दहा वेळा तुटेल. तुटू द्या!

२. दोन कुंड्यांत ओलसर माती भरा. एकीत सुती कापडाचा तुकडा पुरा, दुसरीत पॉलिएस्टरचा. दोन महिन्यांनी उकरून पाहा. सुती तुकडा कुजायला लागलेला दिसेल, पॉलिएस्टरचा जवळजवळ होता तसाच! कारण पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनतं. मातीतल्या जिवाणूंना ते पचत नाही. इतकंच नाही, तर ते धुताना सुटणारे बारीक तंतू सांडपाण्यातून नदीपर्यंत पोचतात.

मग कापूस म्हणजे सगळं छानच? तसंही नाही हं! कपाशीवर किडी फार, म्हणून विषारी औषधांची फवारणीही फार होते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कुणाचे बाबा, कुणाचे काका. म्हणून कापड कशाचं आहे एवढंच विचारून भागत नाही. ते पिकवताना माती आणि माणूस सुखरूप राहिला का, हेही विचारायला हवं.

आणि आपल्या हातात काय आहे? कपडा पुरेपूर वापरणं! आपल्या घरांत सुती लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणं, आणि शेवटी त्याची माती. त्याच मातीत पुन्हा पऱ्हाटी!

आज घरी गेलात की तुमच्या गणवेशाच्या आतली पट्टी वाचा. त्यात कापूस किती आणि पॉलिएस्टर किती? आणि आजी वाती वळायला बसली की तिच्याशेजारी बसा. तुमचा कताईचा पहिला तास तिथेच सुरू होईल!