बैठक शिपायाने बोलावली होती

सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यातून फोन जातात : शांतता समितीची बैठक आहे, यायचंच. मंगल कार्यालयाचा हॉल, मागे फ्लेक्स. स्टेजवर साहेब, आमदार किंवा आमदारांचा माणूस, दोन माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे ट्रस्टी. शाल-श्रीफळ होतं. आपलं शहर एकोप्याचं प्रतीक आहे, हे वाक्य निदान चार जण बोलतात. मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेचा आवाज यांवर जेमतेम पाच मिनिटं, मग बटाटेवडा, चहा, फोटो. दंगल झालीच तर जो दगड उचलेल आणि ज्याची हातगाडी जळेल, ते दोघेही या हॉलमध्ये नसतात. त्यांना कुणी फोनच केलेला नसतो.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले, तेव्हाही शांतता समित्या होत्याच. 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलेली भिवंडी साऱ्या देशाने पाहिली होती. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या तपासातल्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. 1984 मध्ये पुन्हा आग लागली. यंत्रमागांचं हे गाव. जुने कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आजूबाजूच्या खेड्यांतले आगरी, गुजराती-मारवाडी व्यापारी, मागावर बारा-बारा तास उभे राहणारे बिहारी कामगार, सगळे एकमेकांना खेटून राहणारे. आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारं पोलीस दल बहुतांशी घाटावरून आलेलं, मराठी बोलणारं, वस्तीत फक्त आरोपी उचलायला किंवा बंदोबस्ताला शिरणारं.

खोपड्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यातली खरी गोम कमिटीपेक्षा कमिटी कुणाच्या हाती दिली, यात होती. शहराचे छोटे तुकडे पाडून सत्तरच्या आसपास कमिट्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडची माणसं. गुंड नकोत, आणि नेहमीचे पुढारीही नकोत. वस्तीतला मागवाला, शिक्षक, किराणा दुकानदार, रिक्षावाला चालेल. आणि हे सगळं सांभाळायचं त्या भागाच्या शिपायाने, हवालदाराने. बैठक त्याने बोलवायची, माणसं त्याने जमवायची आणि तक्रार त्याने ऐकायची.

पोलीस खात्याची रचना ज्याला माहीत आहे, त्याला यातला उलटेपणा लगेच कळेल. आपल्याकडे शिपाई म्हणजे दोर धरून उभा राहणारा, साहेबांच्या गाडीचं दार उघडणारा, 'उभा राहा' म्हटलं की उभा राहणारा माणूस. कुणाशी काय बोलायचं, हे ठरवायचा अधिकार त्याला कधी दिलेलाच नसतो. वस्तीशी त्याचं नातं दमाचं, आणि खोटं कशाला बोला, हप्त्याचंही. खोपड्यांनी त्याच्या हाती खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसायचं तर समोरच्या माणसाचं नाव माहीत असावं लागतं.

अशा बैठकीत राष्ट्रीय एकात्मतेवर कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर शेजारचा घड्याळ बघतो. नळाला पाणी किती वाजता येतं, गटार कुणाच्या दारात तुंबलं, रात्रपाळीचे माग भिंतीपलीकडे खडखडत असल्याने म्हातारीला झोप नाही, अमक्याचा पोरगा दारू पिऊन बायकोला मारतो, हे तिथले विषय. यातलं निम्मं पोलिसांच्या अखत्यारीतलंच नाही. अदखलपात्र म्हणून एनसी लिहून घरी पाठवायच्या लायकीचं. पण हेच ऐकत ऐकत शिपायाला कळतं की या गल्लीत कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचा शब्द पोरं ऐकतात आणि कोण नुसता मोठ्याने बोलतो. अफवा उठली की ती कुणाकडे जाऊन मोडायची, याचं उत्तर त्या गटाराच्या चर्चेत तयार होत असतं. गणपतीआधी दोन दिवस बोलावलेल्या बैठकीत ते मिळायचं नाही.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दोन फेऱ्यांत मुंबईत 900 माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू, बाकीच्यांत पाच अन्य आणि 45 अनोळखी. आयोगाने पोलिसांच्या पूर्वग्रहावर बोट ठेवलं आणि 31 पोलिसांची नावं घेतली. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपड्यांची तोवर बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी कमिट्या मोडीत काढल्या नाहीत, चालू ठेवल्या. नव्या साहेबाने जुन्या साहेबाचं काम पुढे नेलं, ही गोष्ट आपल्या खात्यात इतकी दुर्मिळ आहे की मला ती कमिटीइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली. खोपड्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं आहे.

मुंबईने हे उचललं ते हात पोळल्यावर. आयुक्त सतीश साहनी, निवृत्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने 1994 पासून इथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. इथला घाट वेगळा होता. नागरिकांची चळवळ आणि तिला पोलिसांची साथ, असा. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने झाले, बायकांच्या बैठका झाल्या, धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने घरोघर जाऊन काम केलं. 'नाता' या माहितीपटात ते दोघे भेटतात. काम मोलाचं होतं. पण भिवंडीत शिपाई यजमान होता, तो इथे बऱ्याच ठिकाणी पाहुणा झाला, असं मला वाटतं.

कमिट्यांवरचे आक्षेपही खोटे नाहीत. कमिटीत बसलेला माणूस हळूहळू 'पोलिसांचा माणूस' होतो. ठाण्यात त्याला खुर्ची मिळते, मग तो दुसऱ्यांची कामं करून द्यायला लागतो, आणि त्याचे पैसेही घेतो. खबऱ्या आणि सभासद यांच्यातली रेघ पुसट होते. मुसलमान मोहल्ल्यात तर पोलिसांशी फार बोलणाऱ्याकडे संशयानेच पाहिलं जातं, आणि त्या संशयामागे 1970 चा तपास आहे, 1993 चा जानेवारी आहे.

मग 5 जुलै 2006. तीच भिवंडी. कोटरगेट भागात पोलीस ठाण्याची नवी इमारत बांधायला घेतली. जागा कब्रस्तानाला लागून, ती आमची, असा स्थानिक मुसलमानांचा दावा. जमाव आला, गोळीबार झाला, त्यात दोन माणसं गेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना मारून जाळलं. यात दोन समाज समोरासमोर नव्हते. एका बाजूला पोलीसच होते. दोन शेजाऱ्यांत मध्यस्थी करायला शिकलेलं खातं स्वतःच वादी झालं, तेव्हा त्याच्यासाठी मध्यस्थ कुणी उरला नव्हता. आणि खात्याकडून ज्यांनी जीव गमावला, ते शिपाईच.

भिवंडीचा धडा राज्याने घेतला का? अर्धा. 2007 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातला तंटा गावातच मिटवायचा, हा विचार त्याच घरातला. पण तिथे बक्षिसं आली, आणि बक्षीस आलं की रजिस्टर भरायला लागतात.

खात्याच्या हिशेबात न झालेल्या दंगलीला रकाना नाही. किती अटका, किती तडीपार, किती चॅप्टर केसेस, हे मोजता येतं, त्यावर शेरे मिळतात. शिवाय बैठक घ्यायला वेळ लागतो, आणि बारा तास ड्युटी करून लोकलने कर्जत-कसाऱ्याला जाणाऱ्या माणसाकडे तो नसतो. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ते वेळापत्रक बसवलं होतं एका शिपायानेच. देवनार म्हणजे गोवंडी-मानखुर्दला लागून असलेला, शहरातला अत्यंत दाटीचा, मिश्र वस्तीचा भाग, म्हणजे अशा बैठका जिथे लागतात तसाच.

वेळेसारखाच प्रश्न बदल्यांचाही आहे. 2014 मध्ये दुरुस्त झालेल्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याचा एका जागचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, आणि शिपायाचा पाच. म्हणजे साहेब वस्ती ओळखू लागतो तोच त्याच्या बदलीचा हुकूम येतो, आणि नव्या साहेबाला शिपाई पुन्हा गल्ल्या दाखवत फिरतो. खोपड्यांनी कमिटी शिपायाकडे का दिली, याचं कारण या दोन आकड्यांतही सापडतं, जरी ते आकडे कायद्यात यायला आणखी पंचवीसेक वर्षं जायची होती.